आकडा उतरला, आकडा चढला: कळमन्याच्या एका अडत्याचा रक्तदाब आणि घड्याळातली एचआरव्ही

पार्श्वभूमी

रुग्ण 57 वर्षांचे, कळमना बाजारात संत्र्याचे अडते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे त्यांना भाऊ म्हणतो, बाजारातही सगळे तेच म्हणतात. रक्तदाबाचा त्रास नऊ वर्षांपासून. मधुमेह नाही. तंबाखू सुटून सहा वर्षं झाली, सावजी रस्सा मात्र सुटलेला नाही. पूर्व नागपुरातल्या माझ्या दवाखान्यात ते पहिल्यांदा आले तेव्हा दोन गोळ्या चालू होत्या: सकाळी मेटोप्रोलॉल सक्सिनेट 50 मिलिग्रॅम, रात्री ॲम्लोडिपिन 5.

जानेवारीत तक्रार घेऊन आले ती थकव्याची. "पहिले गाडीवर चढून माल पाहायचो जी, आता खालूनच हात घालून पाहतो." हात गार पडतात, जिना चढताना पाय ओढावे लागतात. नाडी 58, रक्तदाब 138/86. ईसीजी आणि इको दोन्ही स्वच्छ. पूर्वी हृदयविकाराचा झटका नाही, हार्ट फेल्युअर नाही, ठोक्यांची अनियमितता नाही. म्हणजे मेटोप्रोलॉलच हवं असं ठोस कारण कुठे दिसेना. ते मुळात का सुरू झालं हेही कळायला मार्ग नव्हता, कारण पहिली चिठ्ठी कधीच हरवली होती.

मी गोळी बदलायची ठरवलं. मेटोप्रोलॉल हे बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचा वेग आणि जोर कमी करणाऱ्या वर्गातलं. बीटा-ब्लॉकर रक्तदाब उतरवतात, पण निव्वळ रक्तदाबासाठी, विशेषतः पक्षाघात टाळण्याच्या बाबतीत, ते इतर वर्गांच्या थोडे मागे पडतात. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लाइफ चाचणीत 9,193 रुग्ण होते. त्यात लोसार्टन आणि ॲटेनोलॉल (हाही बीटा-ब्लॉकर) या दोन्ही गटांत रक्तदाब जवळपास सारखाच उतरला, तरी लोसार्टनच्या गटात पक्षाघात कमी झाले. त्यात भाऊंचा थकवा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला लोसार्टनच्याच वर्गातलं टेल्मिसार्टन 40 सुरू केलं, मेटोप्रोलॉल दोन आठवडे 25 वर आणून मग बंद केलं. बीटा-ब्लॉकर एकदम तोडला तर नाडी आणि रक्तदाब उसळून येतात, म्हणून ही पायरी.

त्या दिवशी त्यांच्या मनगटावर नवं घड्याळ होतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीनं दिवाळीला दिलेलं. मी "छान आहे" म्हणालो आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

अडचण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भाऊ आले ते रागातच. रक्तदाब 158/98, नाडी 88. काय झालं विचारण्याआधीच त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. पडद्यावर एचआरव्हीचा (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी), म्हणजे ठोक्यांमधल्या अंतराच्या चढउताराचा, तीन महिन्यांचा आलेख होता. जानेवारीत 34च्या आसपास खेळणारी रेघ फेब्रुवारीच्या मध्यापासून खाली घसरून 21वर आली होती. खाली ॲपचा शेरा, तोही लाल अक्षरात: तुमची एचआरव्ही नेहमीपेक्षा कमी आहे.

"तुमची नवी गोळी हार्ट खाऊन राहिली डॉक्टरसाहेब. काहून बदलली जी?"

पुढचं हळूहळू बाहेर आलं. मुलीनं फोनवर सांगितलं होतं की एचआरव्ही कमी म्हणजे हृदयाला धोका. भाऊंनी टेल्मिसार्टन बंद केलं. घरात मेटोप्रोलॉलच्या जुन्या स्ट्रिपमध्ये चार गोळ्या उरल्या होत्या, त्या चार दिवस घेतल्या. आकडा 31वर गेला. स्ट्रिप संपली. मला विचारायचा संकोच वाटला, म्हणून पुढचे पाच दिवस नुसत्या ॲम्लोडिपिनवर काढले. आकडा 19, डोकं जड, कानात गुणगुण. तेव्हा कुठे दवाखान्याची वाट धरली.

खरं सांगायचं तर प्रयोग म्हणून हे वाईट नव्हतं. गोळी काढली, आकडा पडला. गोळी दिली, आकडा चढला. पुन्हा काढली, पुन्हा पडला. निरीक्षणात भाऊंची चूक नव्हती. चुकला तो निष्कर्ष, आणि तो का चुकला हे समजावायला मला पाऊण तास लागला. बाहेर बाकावरचे रुग्ण कुरकुरत होते.

आकडा म्हणजे काय

नाडी 60 असली तरी ठोका बरोबर एकेका सेकंदाने पडत नाही. एक 970 मिलीसेकंदांनी, पुढचा 1,020, त्यापुढचा 990. श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. ही ओढाताण मुख्यतः व्हेगस नावाच्या मज्जातंतूची. तो मोकळा असला की ठोक्यांत लवचीकपणा राहतो. शरीर ताणाखाली असलं, झोप मोडली, ताप आला, रात्री दोन पेग झाले, की ठोके घड्याळाच्या काट्यासारखे एकसुरी होत जातात. या लवचीकपणाचं माप म्हणजे एचआरव्ही.

माप एकच नाही, आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. भाऊंचं घड्याळ आरएमएसएसडी दाखवत होतं: लगतच्या दोन अंतरांमधला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची सरासरी काढायची आणि तिचं वर्गमूळ. काही कंपन्यांची घड्याळं एसडीएनएन दाखवतात. ते वेगळंच गणित आहे, त्यात सगळी अंतरं सरासरीच्या भोवती किती पसरली आहेत ते बघतात. त्यामुळे शेजाऱ्याचा 60 आणि आपला 25 असं शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. वयाप्रमाणे आकडा उतरतो, आणि माणसामाणसांत फरकही मोठा असतो.

भाऊंच्या मुलीचं बोलणं निराधार मात्र नव्हतं. 1987 मध्ये हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या 808 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. चोवीस तासांच्या नोंदीत एसडीएनएन 50 मिलीसेकंदांपेक्षा कमी असलेल्यांत पुढे मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांमध्येही एचआरव्ही सरासरीनं कमीच असते. पण तो अभ्यास झटका येऊन गेलेल्यांचा, आणि माप चोवीस तासांच्या ईसीजीवरचं. मनगटावरच्या हिरव्या दिव्यानं रात्री मोजलेल्या आकड्याला ती फूटपट्टी लावता येत नाही.

आकडा का पडला

मी कागद घेतला आणि भाऊंच्या भाषेत, म्हणजे हिशेबात, मांडायला लागलो. अडत्याला मज्जातंतू समजावण्यापेक्षा वजावट समजावणं सोपं.

नाडी 58 असताना दोन ठोक्यांमधलं अंतर सरासरी 1,034 मिलीसेकंद. मेटोप्रोलॉल सुटून नाडी 74 झाली की तेच अंतर 811. अंतरच लहान झालं तर त्यातला चढउतारही लहान होणार. पाच फुटांच्या झोपाळ्याला मिळतो तेवढा झोका दोन फुटांच्या झोपाळ्याला कुठून मिळणार? 1,034 पैकी 34 म्हणजे सुमारे 3.3 टक्के, 811 पैकी 21 म्हणजे 2.6 टक्के. म्हणजे आकड्यात दिसणारी घट 38 टक्के, पण अंतराच्या प्रमाणात पाहिली तर 21 टक्के. जवळपास निम्मी घट नुसती नाडी वाढल्याची.

उरलेली खरी, पण तिचा दोष टेल्मिसार्टनचा नाही. मेटोप्रोलॉल हृदयावरचा ॲड्रेनॅलिनचा जोर अडवतं, त्यामुळे व्हेगसचं पारडं जड होतं आणि आरएमएसएसडी वर जातो. गोळी चालू होती तोवर भाऊ गोळीनं उंचावलेला आकडा पाहत होते आणि तोच आपला खरा आकडा मानत होते. गोळी निघाली, आणि आकडा त्यांच्या मूळ पातळीकडे गेला. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनी नाडी फारशी हलत नाही. एचआरव्ही जागेवर राहते किंवा किंचित सुधारते.

तिसरी गोष्ट मी विचारली नसती तर कळलीच नसती.

"रात्री झोपता किती वाजता?"

"सीझनमध्ये झोप कशाची जी? तीन वाजता बाजारात."

फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे मृग बहाराची संत्री. गोळी बदलली त्याच आठवड्यात हंगाम सुरू झाला होता. आम्ही दोघांनी मिळून आलेख पुन्हा पाहिला. ज्या पहाटे ते बाजारात गेले नाहीत, त्या रात्रींचे आकडे 26, 28, 27. बाकीचे 18 ते 22. पहाटेच्या सुमाराची झोप, जिच्यात आकडा बहुधा वर असतो, ती घड्याळाच्या हाती लागतच नव्हती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय: मेटोप्रोलॉल परत द्यायचं. आकडा वर जाईल, भाऊ खूश, त्यांची मुलगी खूश. थकवा परत येईल, आणि मी रक्तदाबाऐवजी घड्याळावर उपचार करत असेन. मोह झाला हे कबूल करतो. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला त्याची जुनी गोळी परत देण्याइतकं सोपं काही नसतं.

दुसरा: टेल्मिसार्टन पुन्हा सुरू करून घड्याळ काढून ठेवायला सांगायचं. वैद्यकीयदृष्ट्या बरोबर, व्यवहारात निरुपयोगी. मुलीनं दिलेलं घड्याळ कोण काढतो? आणि मनातला संशय तसाच राहिला असता तर पुढची गोळीही गुपचूप बंद झाली असती.

तिसरा: ॲम्लोडिपिनवर संशय घ्यायचा. ॲम्लोडिपिनच्या वर्गातल्या झटपट काम करणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ जुनी साधी निफेडिपिन, रक्तवाहिन्या एकदम सैल करतात आणि शरीर उलट प्रतिक्रिया म्हणून नाडी वाढवतं. ॲम्लोडिपिनचं अर्धायुष्यच 30 ते 50 तासांचं, ते सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं, त्यामुळे ही उसळी क्वचितच दिसते. याच वर्गातलं सिल्निडिपिन नाडीच्या बाबतीत आणखी थोडं सौम्य. पण भाऊ सहा वर्षं ॲम्लोडिपिनवर होते, बदल फेब्रुवारीतला होता. हा पर्याय बाद.

चौथा: होल्टर, म्हणजे चोवीस तास ईसीजी नोंदवणारं यंत्र, लावायचा आणि वादच मिटवायचा. निव्वळ वैद्यकीय गरज म्हणून पाहिलं तर खर्च टाळता आला असता. तरी मी हाच निवडला, टेल्मिसार्टन पुन्हा सुरू करून. भाऊंचा माझ्यावरचा विश्वास होल्टरच्या खर्चापेक्षा महाग होता.

काय केलं

दोन आठवड्यांनी होल्टर झाला. एसडीएनएन 118 मिलीसेकंद. युरोप-अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या गटानं 1996 मध्ये एचआरव्ही मोजण्याचे जे निकष ठरवले, त्यात चोवीस तासांचा एसडीएनएन 50च्या खाली असेल तर एचआरव्ही फार कमी, 100च्या खाली असेल तर मध्यम कमी मानतात. भाऊ त्याच्या वर होते. दिवसभरात अधलेमधले, म्हणजे वेळेआधी पडणारे ठोके फक्त 42. त्या वयात हे काहीच नाही. भाऊंनी तो कागद घडी घालून गल्ल्यात ठेवला.

रक्तदाब मात्र अजून पुरेसा उतरला नव्हता. घरच्या मोजणीची सरासरी 144/90. इथे दुसरा निर्णय आला, आणि माझं पुढचं सगळं चुकलं ते इथूनच.

टेल्मिसार्टन 80 करता आलं असतं. ॲम्लोडिपिन 10 करता आलं असतं, पण दिवसभर लिलावात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पायांवर सूज येण्याची शक्यता मोठी. किंवा तिसऱ्या वर्गातली लघवीची गोळी, क्लोरथॅलिडोन 12.5, जोडता आली असती. एका गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या वर्गातली गोळी थोड्या मात्रेत जोडली तर रक्तदाब जास्त उतरतो, हे आम्हा डॉक्टरांच्या अंगवळणी पडलेलं गणित. टेल्मिसार्टन पोटॅशियम धरून ठेवतं, क्लोरथॅलिडोन घालवतं, म्हणजे हिशेब जुळेल असाही विचार केला. एप्रिल संपता संपता एकत्र गोळी लिहून दिली. "दीड महिन्यानं या" असं सांगितलं.

नागपुरात. मे महिन्यात. 23 मे 2013 रोजी ज्या शहरात पारा 47.9 अंशांवर गेला होता, त्या शहरात मी एका माणसाला उन्हाळ्याच्या तोंडावर शरीरातलं पाणी आणि क्षार बाहेर काढणारी गोळी दिली, आणि रक्ततपासणीची तारीख दिली नाही.

दुसरं वळण

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागून दोन-तीन दिवस झाले होते. भाऊ सकाळी साडेनऊला संत्रा बर्फीचा डबा घेऊन हजर. "आकडा पाहा."

58.

पाच दिवसांपूर्वी 27, मग 35, 44, 51, 58. ॲपमध्ये हिरवा रंग आणि अभिनंदनाचा शेरा. भाऊंकडे कारणही तयार होतं: सीझन संपला, पहाटेचा बाजार नाही, झोप पुरी होऊन राहिली. मुलीनं फोनवर शाबासकी दिली होती. मीही मान डोलावली. झोपेचा मुद्दा मीच त्यांना शिकवला होता ना. बर्फीचा तुकडा हातात होता.

सिस्टरनं बीपी मोजायला पट्टा बांधला. मशीननं एरर दाखवला. पुन्हा मोजलं, पुन्हा एरर. ती म्हणाली, सर, मशीन बिघडलं असेल, आणि सेल बदलायला निघाली. मी तिला थांबवलं आणि भाऊंच्या मनगटावर बोटं ठेवली. धक, धक, धक, मग एक पोकळी, मग एक जोरदार धक. पुन्हा चार ठोके, पुन्हा पोकळी. मशीन ठीक होतं. नियमित नाडीच्या भरवशावर मोजणाऱ्या यंत्राला ही नाडी उमगत नव्हती.

मग प्रश्न विचारले आणि एकेक उत्तर येत गेलं. चार दिवसांपूर्वी एका लग्नात जेवण झालं, दोन दिवस जुलाब. गोळ्या सुरूच ठेवल्या, "तुम्ही म्हटलं होतं ना, एकही दिवस चुकवू नका." आठवडाभर रात्री पोटऱ्यांत गोळे येत होते, ते त्यांनी दारात सिस्टरला सांगितलं होतं, मला नाही. उठून उभं राहिलं की अंधारी. हातानं मोजलेला रक्तदाब बसून 118/76, उभं राहून 102/70.

ईसीजीत वेळेआधी पडणारे वेंट्रिक्युलर, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून निघणारे, ठोके, दर आठ-दहा ठोक्यांमागे एक. दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला: पोटॅशियम 3.1, सोडियम 131, दोन्ही कमी; मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 1.0 वरून 1.4. मॅग्नेशियमही खालच्या काठावर.

आकडा का चढला

हे गणितही त्याच कागदावर करता येतं. समजा ठोके 800 मिलीसेकंदांनी पडताहेत आणि लगतच्या दोन अंतरांत साधारण 20 मिलीसेकंदांचा फरक आहे. आरएमएसएसडी 20. आता मध्ये एकच ठोका लवकर आला: 800, मग 500, मग हृदय थांबून भरपाई करतं म्हणून 1,100, मग पुन्हा 800. फरक झाले 300, 600, 300. यांचे वर्ग केले की 90,000, 3,60,000, 90,000. साठ फरकांपैकी उरलेले 57 मिळून 22,800 देतात, आणि हे तीनच 5,40,000. सरासरी काढून वर्गमूळ घेतलं तर सुमारे 97.

मिनिटाकाठी एकच बिघडलेला ठोका, आणि 20चे 97. घड्याळांचं सॉफ्टवेअर असे ठोके गाळायचा प्रयत्न करतं, म्हणून भाऊंचा आकडा 58वरच थांबला, पण सगळे गाळले जात नाहीत. मनगटावरचं यंत्र तर ठोका बघतच नाही, ते रक्ताची लाट बघतं. वेळेआधीच्या ठोक्याची लाट इतकी दुबळी असते की ती पुष्कळदा मोजलीच जात नाही, आणि तिथे एक लांबलचक अंतर उभं राहतं. व्हेगसनं आणलेला लवचीकपणा आणि क्षार कमी झाल्यानं आलेला बिघाड, दोन्ही त्या पडद्यावर एकाच हिरव्या रंगात दिसतात.

मे 2024 अखेर नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश तापमान नोंदवलं होतं. दिवसभर गावात तीच चर्चा. मग हवामान खात्यानं सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. भाऊंना मी तेच उदाहरण दिलं. त्यांना ते वर्गमुळापेक्षा लवकर पटलं.

पुढे काय केलं

घरी पाठवायचं की भरती करायचं, यावर थोडं अडलं. भाऊ चालत आले होते, छातीत दुखत नव्हतं, घर दहा मिनिटांवर. पण 3.1 पोटॅशियम आणि वेंट्रिक्युलर ठोके हा जोड मला घरी सोडवेना. एक रात्र जवळच्या रुग्णालयात मॉनिटरवर ठेवलं. क्लोरथॅलिडोन कायमचं बंद. टेल्मिसार्टन चार दिवस थांबवलं, कारण पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळीनं मूत्रपिंडावरचा भार वाढतो. पोटॅशियम क्लोराइडचं सिरप, मॅग्नेशियम, ओआरएस. घरच्यांनी नारळपाण्याची रांग लावली. त्याला हरकत नव्हती, पण नारळपाण्यानं भरून निघेल असा हा खड्डा नव्हता हे त्यांना सांगावं लागलं. सिरपची चव भाऊंना अजून आठवते.

तिसऱ्या दिवशी पोटॅशियम 3.6, दहाव्या दिवशी 4.2. क्रिएटिनिन 1.1. मधल्या काळात, सिरप सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी लावलेल्या होल्टरमध्ये सुमारे 1 लाख 4 हजार ठोक्यांपैकी 6,900 बिघडलेले होते. तीन आठवड्यांनी पुन्हा लावला तेव्हा 310. हृदयरोगतज्ज्ञ मित्रानं इको पुन्हा पाहिला, पंपिंग उत्तम, थायरॉइडही ठीक. वेगळ्या औषधाची गरज नाही असं ठरलं.

निकाल

जूनच्या मध्यावर टेल्मिसार्टन 80 आणि ॲम्लोडिपिन 5. म्हणजे एप्रिलमध्ये बाजूला ठेवलेलाच पर्याय. ऑगस्टमध्ये घरच्या मोजणीची सरासरी 129/81, उभं राहिल्यावर अंधारी नाही, पोटॅशियम 4.4. भाऊ पुन्हा गाडीवर चढून माल पाहतात. घड्याळातला आकडा 24 ते 27च्या दरम्यान, आणि त्याला कोणी रंग विचारत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मेटोप्रोलॉल काढताना एक वाक्य पुरलं असतं: घड्याळातला आकडा उतरेल, घाबरू नका. ते घड्याळ मी पाहिलं होतं, कौतुकही केलं होतं. रुग्ण काय मोजतो हे विचारलं असतं तर नऊ दिवसांचा गोळी-खंड आणि 158/98 दोन्ही टळले असते. आता मी मनगट बघतो आणि विचारतो. उत्तर हो आलं की गोळीनं नाडीचं काय होईल आणि त्या आकड्याचं काय होईल, ते चिठ्ठीच्या मागे लिहून देतो.

लघवीची गोळी मार्च ते जून या काळात नव्यानं सुरू करायची असेल तर दोन-तीन आठवड्यांत सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन. ही तपासणी पुस्तकात आहेच, मला माहीतही होती. टेल्मिसार्टन पोटॅशियम राखेल या भरवशावर मी ती ढकलली. घामाचा हिशेब त्यात धरलाच नव्हता, आणि जुलाबाचा तर कोणीच धरत नाही. "एकही दिवस चुकवू नका" हे वाक्य मी आता अर्धवट सोडत नाही. जुलाब, उलट्या, ताप असेल तर गोळी घेण्याआधी फोन करा, हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे.

पोटऱ्यांत गोळे येत असल्याची तक्रार सिस्टरपर्यंत पोचली, माझ्यापर्यंत नाही, हे दवाखान्याच्या व्यवस्थेचं अपयश. केसपेपरवर आता सिस्टरसाठी दोन ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत. त्या रोज भरल्या जातात असं नाही.

आणि झोपेचं कारण. ते पहिल्या वेळी खरं होतं म्हणून दुसऱ्या वेळी मी ते तपासलंच नाही. मशीननं एरर दिला नसता तर बर्फी खाऊन मी भाऊंना घरी पाठवलं असतं, क्लोरथॅलिडोनसकट, 45 अंशांच्या उन्हात.

एका मुद्द्यावर मात्र माझं आणि त्या हृदयरोगतज्ज्ञ मित्राचं एकमत झालेलं नाही. त्याचं म्हणणं, मुळात मेटोप्रोलॉल काढायलाच नको होतं. 50चं 25 करून थकवा पाहायचा, आणि सोबत टेल्मिसार्टन जोडायचं. 2023च्या युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनच्या सूचनांत बीटा-ब्लॉकर मुख्य पाच वर्गांत आहेत, हे तो ऐकवतो. मी अमेरिकेच्या 2017च्या सूचना पुढे करतो, ज्यात हृदयविकाराचं किंवा हार्ट फेल्युअरचं कारण असल्याशिवाय त्यांना पहिल्या पसंतीत जागा नाही. भाऊंना विचारलं तर ते म्हणतात, गाडीवर चढता येऊन राहिलं ना, मग झालं. सप्टेंबरमध्ये आंबिया बहाराचा माल सुरू होईल, पहाटेचे तीन पुन्हा लागतील, आणि आकडा पुन्हा खाली येईल. मुलीला ते आत्ताच फोनवर सांगून ठेवलं आहे.